पस्तीस ओहम

पहार हातभर गेली आणि थांबली.
तावेत्तीने घण खाली ठेवला,
शिवी दिली नाही,
फक्त म्हणाला, "ग्रॅनाइट."
कुह्मोकडची माणसं हा शब्द
"बरं" म्हणावं तसा म्हणतात.

शेडमध्ये यंत्र उभं होतं, माझ्या खांद्याएवढं.
पांढऱ्या नळीवर अठराशे वेढे,
दोन हिवाळे हाताने गुंडाळलेले
(सहाशेव्याला शिंक आली, तार सुटली,
तो पुन्हा एकपासून).
खाली तारेचं एक टोक नुसतंच लोंबत होतं,
पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखं.
"वर काय, कुणीही बघतं," तो म्हणाला,
"हे खालचं कुठे जातं ते सांग."

मी सतरा वर्षांची.
म्हटलं, नळाच्या पाइपला बांधू.

तेव्हा त्याने ओइवाचं सांगितलं.
ओइवाने नळालाच बांधली होती, वीस वर्षं चाललं.
मग एका उन्हाळ्यात नगरपालिकेने रस्ता खणला,
लोखंड काढलं, निळं प्लास्टिक घातलं.
घरात नळ तोच, पाणी तेच,
तार घट्ट, क्लॅम्पवर गंजाचा ठिपका नाही.
भुईशी नातं तेवढं तुटलेलं,
आणि ते कुणी कळवलं नाही.

मग? मी विचारलं.
तावेत्तीने कॉफी ओतली.
"बायको अजून त्याच घरात राहते."

सप्टेंबरभर आम्ही चर खणला,
शेडपासून तळ्यापर्यंत, खडकाला वळसे घालत.
उघडं तांबं अंथरलं,
शेवटी पायपुसण्याएवढा पत्रा
नावेतून नेऊन गाळात सोडला.
घरच्या वायरिंगची भुई वेगळी, यंत्राची वेगळी;
शेजाऱ्याच्या भांडणात घर ओढू नये, म्हणाला.
मग खुंट्या, डबडं, थरथरता काटा:
पस्तीस.
पुस्तकात दहा लिहिलंय, मी म्हणाले.
"पुस्तक चिकणमातीत बसून लिहिलंय."

जानेवारीत जमीन गोठली.
शेडजवळचा खुंटा चारशे दाखवू लागला,
घेणार नाही म्हणजे नाहीच.
पण पत्रा बर्फाच्या खाली होता, पाण्याच्याही खाली,
जिथे गाळ अजून मऊ असतो.
तीन दिवस मोजलं. पस्तीस, पस्तीस, छत्तीस.
चौथ्या रात्री त्याने खटका ओढला.

जांभळ्या विजेचं मी सांगत नाही,
ते सगळेच सांगतात.
मला आठवतं ते नंतरचं.
खटका खाली, वास ओल्या पत्र्यासारखा,
तावेत्तीचा डावा हात कोटाच्या खिशात,
उजव्यात बर्चची लांब काठी,
टोकाला पितळी आकडा, आकड्याला भुईची तार.
घड्याळात पाच मिनिटं. मग कपॅसिटरला आकडा.
टप्.
पुन्हा. टप्, बारीक.
तिसऱ्यांदा काहीच नाही,
तरी चौथ्यांदा.
"बंद केलं म्हणजे बंद झालं असं नसतं, साइमी."

मे महिन्यात भुई सुटते.
त्या आठवड्यात तो ओइवाच्या बायकोकडे जातो,
अंगणात खुंट्या ठोकतो,
आकडा वहीत लिहितो.
ती काही विचारत नाही.
वेलदोड्याचा पाव कापून ठेवते,
उभ्यानेच खाऊन तो निघतो.

मी एकदा वही चाळली.
बावीस मे. एकही पान कोरं नाही.