चौदावं पान

सीडी कुरियरने आली. लावायला
आख्ख्या शहापुरात यंत्र सापडेना.
शेवटी भाचा परशराम म्हणाला,
मामा, माझ्या जुन्या मारुतीत चालतंय की.

म्हणून आम्ही दोघं
दुसऱ्या रेल्वे गेटाशी, फाटक पडलेलं,
काचा वर, इंजिन बंद,
मागे भाजीचा टेंपो हॉर्न मारतोय.

कव्हरवर ती. मंगल येळूरकर, व्हायोलिन.
वडगावच्या मंगाईवरून ठेवलेलं नाव
तिकडच्या लिपीत जरा आखडून बसलंय.
खाली बारीक अक्षरात बहात्तर माणसं:
इतकी व्हायोलिनं, इतके चेलो, दोन बासरीवाले,
एक तर नुसते नगारे बडवायला.

ती सगळी मी होतो.

कॅम्पातले मिनेझिस सर, लष्करी बँडातून निवृत्त,
गोव्याहून झेरॉक्स घेऊन आले,
डी मायनरमधला कॉन्चेर्टो, कडेला चहाचे डाग.
म्हणाले, पोरीला एकटीनं वाजवून कळणार नाही,
समोर कुणीतरी पाहिजे भांडायला.
आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतला, सिनेमाच्या गाण्यांचा.
मग मी. पेट्या दुरुस्त करणारा, भजनाला साथ देणारा.
डाव्या हाताने भाता
आणि उजव्याच्या पाच बोटांत
बहात्तर माणसं.

पाच रेघा वाचायला मला दोन वर्षं लागली.
बाहेर तेव्हा पाट्यांवरून दगड पडत होते,
कुठली लिपी वर, कुठली खाली.
त्या पाच रेघांना मात्र कुणी विचारलं नाही
तुम्ही कुठल्या राज्यातल्या.
भिंतीपलीकडे तिच्या बापाचे चार माग, खटाक खटाक.
लाइट गेली की माग थांबायचे
आणि आम्ही दोघंही ताल चुकायचो.

चौदाव्या पानाच्या तळाशी अडचण होती.
पान उलटायचं तर भाता सोडायचा,
भाता सोडला की सगळा ऑर्केस्ट्रा
दम लागून मटकन खाली.
ती थांबायची. गज हवेत,
हनुवटी न हलवता एक डोळा माझ्याकडे:
झालं का काका?
झालं म्हटलं की मगच वरच्या सुरावर उतरायची.
सर ओरडायचे, इथं विराम नाहीये, कागदात बघ!
चार वर्षं ओरडले. मग गेले.

आवाज वाढवू? परशराम म्हणाला.
गप्प बस.

बहात्तर माणसं चढत चढत आली,
कुणाचा भाता सुटत नव्हता,
कुणाचं पान अडत नव्हतं,
आणि ती थांबली.

अर्धा श्वास. कागदात नसलेला.
सोबतच्या पुस्तिकेत कुणी त्यावर लिहिलंय,
परशरामने मोबाइलवर तर्जुमा करून दाखवला:
"विलक्षण धाडसी शांतता".

माझा डावा हात काचेच्या हँडलवरून उठला होता,
हवेतल्या कागदाचा कोपरा चिमटीत.
झालं, मी म्हणालो.
काय झालं मामा?

फाटक वर गेलं. टेंपोवाला शिव्या देत होता,
अर्ध्या कानडीत, अर्ध्या आपल्यात.
गाडी काढू नकोस, म्हटलं.
अजून दोन भाग आहेत.