खाडे

घणसोली गावठाणात, आमची बिल्डिंग आणि म्हात्रेंची,
मधे माणूस आडवा होऊन जाईल एवढाच बोळ.
तिथं खुराडं.
वरून कुणाच्या तरी एसीचं पाणी ठिबकतं,
म्हणून प्लायचा तुकडा, त्यावर वीट.

तेरा अंडी, अकरा पिल्लं.
सहाव्या दिवशी सुरू झालं.

सकाळी प्लाय उचलावा तर एक पडलेलं,
आईच्या पोटाखालून जरासं बाहेर.
रक्त नाही, पिसं विस्कटलेली नाहीत.
मुंगूस असता तर पाय तरी राहिले असते मागे,
घुशीनं ओढलं असतं तर तेही नाही.
मानमोडी म्हणावी तर मान सरळ.

बामीकाकी म्हणाली, दिष्ट लागली गो, मीठ-मोहऱ्या ओवाळ.
ओवाळल्या.
खाद्याच्या दुकानातून जयवंतनं गुलाबी पुडी दिली,
पाण्यात चिमूटभर.
बल्ब साठाचा काढून शंभराचा लावला, मग परत साठाचा.
भुसा बदलला.
रात्री कंपन्यांच्या बाजूनं जो वास येतो
तो बदला म्हणून कुणाला सांगायचं?

डॉक्टर फोनवर म्हणाले, मेलेलं आणा,
बर्फात ठेवून आणा, ताजं.
मासळीवालीकडून बर्फ आणून ठेवला.
त्या रात्री एकही मेलं नाही.
बर्फाचं पाणी झालं, झाडाला घातलं.
दुसऱ्या दिवशी दोन.

खूण मी दुधाच्या कॅलेंडरवर करत गेले,
तारखेखाली पेन्सिलीनं फुली, एकाला एक.
महिनाअखेर ह्यांनी फुल्या मोजल्या,
दुधाचे आठ खाडे धरले, तेवढे पैसे कापले.
रामसूरत दारातून हलेना,
"ताई, मी तर एकपण खाडा नाय केला."

खरंच नव्हता केला.
डब्यातून काढून आठ लिटरचे मोजून दिले.
हे म्हणाले, मग फुल्या कसल्या?
सांगितलं.
काही बोलले नाहीत,
टीव्हीचा आवाज तेवढा कमी केला.

तीन उरलीत.
कोंबडी उकरते, दाणा सापडला की हाक मारते,
तिघं लगेच येतात
तरी ती चोच लावू देत नाही,
अकराजणांना यायला जेवढा वेळ लागायचा
तेवढी थांबते.

आज एक तारीख.
पान उलटलं.
प्लायवर आणखी एक वीट ठेवलीय,
कशासाठी, माहीत नाही.