नववी गाठ

धुळवडीच्या तिसऱ्या दिवशी ती नवापूरला गेली,
लेकीच्या बाळंतपणाला.
जाताना उतरंडीतलं खालचं मडकं दाखवलं:
राखेत आठ गाठी आहेत, जुन्या लुगड्याच्या.
पाडव्याच्या आत मातीत गेल्या पाहिजेत.

कुठल्या गाठीत काय, ते सांगायचं राहिलं.
किंवा तिला वाटलं असेल,
तीस वर्षं घरचंच खाल्लेल्या माणसाला
एवढं तर कळत असेल.

मला कपाशी कळते. मोटार कळते.
बोरीला आवर्तन कधी सुटणार
ते पारावर बसून कळतं.
पण घरामागचा हा अर्धा गुंठा,
न्हाणीचं पाणी जिथे जाऊन मुरतं,
तिथे मी आजवर फक्त चूळ टाकली होती.

पहिल्या दिवशी उकिरडा उपसला.
वरून कोरडा, आत वाफ,
आणि आंगठ्याएवढ्या हुमण्या, पांढऱ्या,
अर्ध्या झोपेतून उठवल्यासारख्या वळवळत.
कोंबड्यांची पंगत बसली.

मग कूड. जुन्या तुऱ्हाट्या वाळवीने आतून खाल्लेल्या,
हात लावला तर उभ्या उभ्या खाली बसल्या.
शेजारचा निंबा म्हणाला, तारेनं नको बांधू आप्पा,
तार तापते, वेल पोळते.
म्हणून सुतळी. सुतळी संपली म्हणून
भिजवलेली अंबाडी सोलायला बसलो,
तर गाय दावं तोडून कोथिंबिरीत.
तिचं दावं वळलं. मग ध्यानात आलं,
शेवग्याच्या शेंगा आज नाही काढल्या
तर उद्या त्यांच्या काठ्या होतील.
ही सगळी कामं ती
दुपारच्या चहाआधी करत असे,
आणि मी विचारायचो, आज दिवसभर काय केलंस?

रात्री गाठी सोडल्या, फोन लावला.
पांढरं, चपटं, कडेला कंगोरा?
ते गंगाफळ. उकिरड्याजवळ लावा, त्याला भूक फार.
काळं गुळगुळीत ते गिलकं,
काळं खरबरीत ते दोडकं,
आणि चवळी तर आंधळ्यालाही कळते.
तिळाहून बारीक, पिवळट?
थांबा. ते भरिताचं वांगं.
ते वाफ्यात टाका, वर निंबाच्या डहाळ्या,
आणि पाणी तांब्याने नाही, हाताने शिंपा.
मागे नात रडत होती.
मी म्हटलं, तिचा आवाज ऐकव.
ती म्हणाली, आधी सांगा, मिरचीला पाणी दिलं?

आठ गाठी झाल्या.
राखेत बोट फिरवलं तर तळाशी नववी,
खणाच्या कापडाची, सुपारीएवढी.
आत सात बिया, तपकिरी, हलक्या.
पहाटेच उठून पेरून टाकल्या
पूर्वेच्या कोपऱ्यात, आणि मग तिला सांगितलं.

बराच वेळ पलीकडे काहीच नाही.
मग तिच्या बोलीत, जी ती माझ्याशी
फक्त रागात किंवा तापात बोलते:
ती मना मायनी दियेल व्हती. लगीनमा.
काय शे ते तिनी सांगं नही,
मी इचारं नही.
दर साल राख बदलली. पेरली नाही.
नाही उगवली तर काय करायचं, म्हणून.

मी काय बोलणार.
फोन कानाला तसाच, समोर निंबाचा मोहोर गळतोय
ओल्या वाफ्यावर.
ती म्हणाली, पाणी सकाळी घाला.
ऊन चढायच्या आत.

आज अकरावा दिवस.
चवळीने माती डोक्यावर घेतली आहे,
गिलकं दोन पानांवर,
गंगाफळाने तर कुडाकडे बघायला सुरुवात केलीय.
पूर्वेच्या कोपऱ्यात काहीतरी हिरवं आहे.
निंबा म्हणतो तण आहे, उपट.

मी तिथलं काहीच उपटत नाही.