शिरवायचं कधी

चितार ओळीत आमच्या घरी
जे जे घडलं ते ते पाण्यात गेलं.
चुकला कान तर चुकला, बाबा म्हणायचे,
दहा दिवसांचा तर सवाल आहे,
फुटाळ्यात कोण कान पाह्यते.

देवाला सुरकुती नसते.
देवाचं पोट, देवाची सोंड, मुडपलेली मांडी
झोपेतही वळायची माझी बोटं.
पण डोळ्याखालची पिशवी,
खर्ऱ्याने एकाच बाजूला फुगलेला गाल,
वस्तऱ्यातून सुटलेले हनुवटीवरचे चार पांढरे खुंट,
हे आमच्या घरात कोणालाच येत नव्हतं.
हे मी बडकस चौकात शिकले,
मेयोच्या ओपीडीतल्या बाकावर,
लोकांकडे बघू नये तितका वेळ बघून.

हेमराज निनावे एप्रिलात आले.
वडिलांची बाहुली पाहिजे, हातभर उंच.
मागावर बसलेली नको. उभी.
फोटो एकच, लग्नातला, अठ्ठावीस माणसांचा,
वडील तिसऱ्या रांगेत,
मसुरीच्या डाळीएवढे.

कोणता खांदा खाली होता, मी विचारलं.
ते म्हणाले, खांदा?
बिडी कोणत्या बोटांत धरायचे?
कान चिकटलेले की सुटे?
हसताना आधी डोळे हसायचे की ओठ?
निनावे रुमालाने चष्माच पुसत बसले.
"मॅडम, तांडापेठेत पहाटे पाचले खटखट सुरू व्हायची
अन् आम्ही पोट्टे झोपून राहायचो.
बाप म्हणजे आमच्यासाठी आवाज होता.
आवाजाले कुठं कान असते?"

मी म्हटलं, तहान लागली, तेवढं
माठातून पाणी आणता?
ते गेले, आले.
उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली.
बँकेतला माणूस.
आयुष्यात एकदाही
धोट्याची दोरी न ओढलेला.
मी पाणी प्यायले. काही बोलले नाही.

मग तारेचा कणा,
त्यावर चिंध्यांचं मांस, घट्ट, सुतळीने आवळून.
रद्दीचा लगदा, डिंक, खडूची भुकटी
आणि कीड लागू नये म्हणून मेथीचं पीठ;
घरभर लाडवांचा वास
आणि खायला काही नाही.
पारा शेहेचाळीसवर, तरी कूलर बंद.
वारा लागला की ओला चेहरा
एका गालाने आधी वाळतो,
माणूस लकवा मारल्यासारखा दिसतो.
बाबा उघड्या अंगाने भिंतीला टेकलेले,
मला शिव्या देत, माझ्या बाहुल्यांना देत,
मग घोरत.

पहिलं डोकं फार सुंदर झालं.
मोडलं.
दुसऱ्यात देव थोडा कमी होता.
तिसऱ्याला मी अंगठ्याने नाकाशेजारी दाबलं
आणि तिथे कोणीतरी
दोन दिवसांपासून जेवलेलं नाही असं वाटलं.
ते ठेवलं.

केस मागावरच्या तुटक्या रेशमाचे,
निनाव्यांनीच पुडीत आणून दिलेले.
धोतर खरं, त्यांच्या आईच्या पेटीतलं, फाडून लहान केलेलं.
कान मात्र कुठून आणू?
समोर एकच कान होता, घोरत्या माणसाचा,
मोठ्या पाळीचा, वरून थोडा दुमडलेला.
तो घेतला.
विचारलं नाही.

उद्या सकाळी निनावे न्यायला येतील.
रात्री बाबा उठले, बल्ब लावला,
बाहुलीपुढे उकिडवे बसले.
हल्ली त्यांना महिना आठवत नाही, वारही नाही.
बराच वेळ पाहून म्हणाले,
"साजरा झाला. याले शिरवायचं कधी?"
नाही बाबा, म्हटलं. हा राहणार आहे.
"किती दिवस?"
राहणारच आहे.

ते घाबरल्यासारखे झाले.
हात पुढे केला, मागे घेतला,
घरातल्या कुठल्याच मूर्तीला मी त्यांना
असं भिऊन हात लावताना पाहिलं नव्हतं.

"मंग कानामागून नीट घास," म्हणाले.
"लोकं तिथं पाह्यत नाही.
धूळ तिथंच बसते."
आणि स्वतःचा कान खाजवत
आत झोपायला गेले.