चालत नाही

मिरज. वॉर्ड तीन. रात्रीचे दहा.
उमदीच्या मायाक्काच्या केसपेपरवर
लाल शाईत, दोनदा अधोरेखित :
पेनिसिलीन चालत नाही.

सातव्या वर्षी घसा धरला होता तिचा.
सुई टोचली आणि ओठ सुजले,
अंगभर गांधी उठल्या, श्वासाला शिट्टी लागली.
बापानं औषधाचं नाव एसटीच्या तिकिटामागं लिहून घेतलं.
लग्नात ते तिकीट भांड्यांबरोबर सासरी गेलं.

आता पोटात सव्वीस आठवड्यांचं लेकरू
आणि रक्तात तो आजार,
ज्याचं नाव डॉक्टरांनी दार लोटून घेऊन सांगितलं.
दुसरी औषधं आहेत. ती आईपाशीच थांबतात,
नाळेपलीकडं त्यांचा भरवसा नाही.
तिथवर पोचतं ते एकच,
जे चालत नाही.

म्हणून पाण्यात कालवून, थेंबाथेंबानं.
पहिला डोस इतका पातळ की
पेल्यालाही कळू नये.
दर पंधरा मिनिटांनी दुप्पट. एकूण चौदा.
ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवलंय,
मी त्याच्याकडं बघत नाही असं दाखवते.
ओठ बघते. जीभ बघते. नाडी धरते.
पोटावर डॉपलर ठेवला तर ती हसली,
"कडबाकुट्टी चाललीया न्हवं आत!"

पाचव्या डोसाला म्हणाली,
"सिस्टर, ह्यांनाबी असंच थेंब थेंब?"
"नाही. त्यांना एकदम. दोन्ही बाजूंना सुई.
त्यांना चालतं."
ती छताकडं बघत राहिली.
"त्यांना सगळंच चालतं," म्हणाली.

नवव्याला मनगट खाजलं.
घड्याळ थांबवलं, डॉक्टर धावत आले,
अर्धा तास तिघं मिळून
एका लाल ठिपक्याकडं बघत बसलो.
वाढला नाही. डास असेल, नसेल.
नववा पुन्हा दिला.

अडीच वाजता खरी सुई. पांढरी, दाट, दुखणारी.
तिनं माझा हात सोडला नाही,
माझी बांगडी पिचली.

हे कायमचं नाही, तिला सांगितलंय.
औषध अंगातून उतरलं की शरीर ओळख विसरतं,
पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या थेंबापासून.
म्हणून लाल ओळ मी खोडली नाही.
खाली निळ्या पेनानं चौदा वेळा लिहिल्या फक्त.

उजाडताना बिराप्पा चहा घेऊन आला.
"चाललं का हिला?"
"चाललं.
तुमचं कार्ड कुठाय?"
तो चहा ओतत राहिला,
कप भरून बशीत उतरला तरी.