समासात पेन्सिलीने

भाषणाची प्रत आमच्याकडे आधीच येते,
सकाळी नऊला, यंत्रातून निघालेली, कोमट.
त्या दिवशी चुकून मंत्र्यांची स्वतःचीच आली.
तिसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं:
इथे थांबणे. चार सेकंद.

बाहेर तोम्पेआच्या टेकडीवर
बर्फ कडेकडेने काळा पडत चालला होता.
त्याच आठवड्यात, बेटाकडे जाणाऱ्या बर्फवाटेवर
एक व्हॅन खाली गेली होती.
सरावाहून परतणाऱ्या कॉयरमधल्या सहा जणी
आणि चालवणारा हेन्नो.
पट्टे त्यांनी नियमाप्रमाणे सोडलेले होते.
बर्फावर पट्टा लावायचा नसतो,
वेळ आलीच तर अंग मोकळं हवं.
वाट खुली ठेवण्याच्या कागदावर सही होती
तार्वो लेपासालू यांची.
बेटावरच्या मतदानाला उरले होते एकोणीस दिवस.

एकतीस वर्षं मी या सभागृहाचं बोलणं उतरवते आहे.
आमच्या कंसांत फार काही मावत नाही:
(टाळ्या.) (हशा.) (गोंधळ.)
रडण्याला कंस नाही.
गप्प बसण्याला तर नाहीच,
नाहीतर इतिवृत्ताचे खंड दुप्पट झाले असते.

ते उभे राहिले. पान एक. पान दोन. पाण्याचा घोट.
पान तीन.
"त्या सहा जणींपैकी एकीने मला—"
आणि थांबले. बरोबर खुणेवर.
मी मोजू लागले, हाताला सवयच ती.
एक, दोन, तीन, चार.
आता बोलतील.
पाच.
सात.
नवव्याला त्यांनी चष्मा काढला,
रुमाल सापडेना म्हणून बाहीने पुसला
आणि डोळ्यांवर न घालता खिशात टाकला.
चौदाव्याला मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
सतराव्याला ते बोलले ते एकदम पाचव्या पानावरचं,
चष्म्याविना, अडखळत.
चौथं पान राहूनच गेलं.
त्यात भरपाई होती, नवी फेरीबोट होती,
टाळ्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या दोन ओळी होत्या.

कॅन्टीनमध्ये आय्मी सूप ढवळत म्हणाली,
मगरीचे अश्रू, दुसरं काय.
काल्यू म्हणाला, माणूसच आहे शेवटी.
दोघांचं मत आधीच पेटीत पडलेलं होतं,
पेटी उघडायची तेवढी बाकी.

मी काही बोलले नाही.
मला नवऱ्याचं दफन आठवत होतं.
खरंच रडत होते मी, पोटातून, आवरत नव्हतं,
आणि त्याच वेळी डोक्यातली एक बाई बघत होती
नणंद आली आहे का, कुठे उभी आहे,
आणि म्हणत होती, बरं झालं, रुमाल इस्त्रीचा घेतला.
दोघींतली खोटी कोण,
अजून ठरलेलं नाही.
त्या तर एकाच कोटात घरी परतल्या.

प्रतीमध्ये ते वाक्य पुरं छापलेलं आहे:
"एकीने मला पोहायला शिकवलं होतं."
इतकं कामाचं वाक्य.
ज्याने ते लिहिलं त्याला त्याची किंमत नक्की ठाऊक होती.
आणि ते तोंडाशी आणून
या माणसाने गिळलं.
की गिळलेलं वाक्य जास्त दूर ऐकू जातं,
हेही त्याला ठाऊक होतं?

मतदानाच्या आदल्या रात्री, बेटावर,
मच्छीमारांच्या गोदामातल्या सभेत
त्यांनी ते पुरं केलं म्हणतात.
कॅमेरे नव्हते. तिथे मीही नव्हते.
आधी किती सेकंद थांबले,
कुणी मोजलं नाही.
एकशे चार मतांनी आले निवडून.
फेरीबोटही आली, दोन हिवाळ्यांनी.
काल्यूची बहीण तिच्यावर तिकिटं तपासते.

उतरवायचं ते बोललेलं, छापलेलं नाही.
म्हणून इतिवृत्तात त्या जागी
नुसती एक रेघ आहे, आडवी.
आधी मी कंस उघडला होता,
मग मिटवला.
रेघ तशीच राहू दिली,
ओझं पडायच्या आधी
बर्फात उमटते तेवढी.