उलटं बारं

पांझरेच्या पाटावर यादी नसते.
कागद भिजला की गेला, म्हणतात झिपरूबाबा,
माणूस भिजला तरी वाळतो.
म्हणून एकेकाला एकच नाव दिलेलं:
तुझं रान भिजलं की कुणाला उठवायचं, तेवढं.
हिलाल उखर्डूला उठवतो, उखर्डू मोतनआजाला.
आजा कुणाला, ते उखर्डूला ठाऊक नाही.
अंधारात नुसती हाक येते,
‘ऊठ भो, पानी उनं.’

बाबांकडे फक्त पहिलं नाव. हिलाल.
सतरा बाऱ्यांचा फड त्या एका नावाला लटकलेला.

औंदा शेपटाकडचे चिडले.
वरच्यांचा गहू पोटभर पितो
आणि आमच्याकडे येतो तो चिखलाचा वास,
भुरीबाई चावडीत उभ्यानं बोलली.
ठरलं: ही पाळी उलटी. शेवटचा तो पहिला.
फिरवायचं काम माझ्या गळ्यात,
कारण मी धुळ्याला पॉलिटेक्निकात शिकते,
आणि परवाच्या पेपरला हेच आहे
असं मीच बोलून बसले.

हिलालला विचारलं, पुढं कोण, मग सांगितलं,
तुमच्यानंतर आता कुणी नाही, दार लावा, झोपा.
उखर्डूलाही विचारलं. सांगितलं, तुमच्यानंतर हिलाल.
मोतनआजाच्या बांधावर पोचले तेव्हा
साक्रीची शेवटची बस दिसत होती.
घाईत सांगून टाकलं, तुमच्यानंतर उखर्डू.
आजानं मान डोलावली, नवं नाव तोंडात घोळवलं.
मग मी विचारलं, आधी कुणाला उठवायचात?
‘आते त उखर्डू,’ आजा म्हणाला.

चौदा रानं त्या क्षणी गेली.
होती जागच्या जागीच.
हरभरा, गहू, भुरीबाईचे कांद्याचे वाफे,
विजेच्या खांबापलीकडे, सगळं तसंच.
पण तिकडे जाणारं नाव
कुणाच्याच तोंडात उरलं नव्हतं.
पाणी नाल्याला लागलं.

सुकलाल जागल्यानं बॅटरी घेऊन
दोन रात्री बांध तुडवले.
कोरड्या दाराशी झोपलेल्या एकेकाला हलवून विचारलं,
तू कुणाला उठवणार?
तेरा नावं निघाली.
चौदावं कुणीच घेत नव्हतं.
ते दयारामचं. तिथंच तुटलं होतं.

तिसऱ्या रात्री बाबा माझ्यासोबत आले.
रागावले नाहीत.
माझा डावा हात धरला, बोटं मिटवली.
‘पह्यले इचार. नाव मुठीत धर. मंग सोड.’

दयाराम, तुमच्यानंतर कोण? वेडू.
वेडू डाव्या मुठीत.
आता तुमच्यानंतर मोतनआजा.
वेडूचा बांध. पुन्हा तेच.
उजव्या मुठीत मागचं नाव, डाव्या मुठीत पुढचं,
आणि ज्याच्यापुढे उभी त्याच्यासाठी तोंड.
चपलेत दव. खाली वाकलं की कांद्याचा वास.
मधेच एक कुत्रं सोबतीला आलं
आणि तीन रानांनंतर कंटाळून गेलं.

भुरीबाईपाशी पोचलो. तुमच्यानंतर कोण?
‘कोनीच नही, बाई.’
उजव्या मुठीतलं नाव तिला दिलं.
डावी रिकामी.

झालं, म्हणून मी वळले.
बाबा हलले नाहीत.
‘आनि माले कोन सांगी?’

बंधाऱ्यावरच्या त्यांच्या जिभेवर
अजून हिलालच होता.
तिथून सोडलं असतं तर एक रान भिजून
दार लागलं असतं, संपलं.
मी नाव सांगितलं.
त्यांनी ते दोनदा म्हटलं,
जड भाकरीचा घास चावावा तसं.

त्या रात्री पाणी सोळा बंद दारांवरून
कुणालाही न उठवता खाली गेलं.
भुरीबाई जागीच होती, फावडं घेऊन.
मग तिनं वरच्या अंगाला तोंड करून हाक मारली,
आणि हाक रानोरान
पाण्याच्या उलट चढत गेली.

पेपरात सातापैकी पाच मिळाले.

हिलालचं बारं अगदी शेवटी आलं, चौथ्या पहाटे.
रान भिजलं, त्यानं दार लावलं,
आणि कंदील घेऊन बांधावर तसाच उभा,
कुणालातरी उठवायचं राहिलंय
असं वाटत.